आठ-बी

उद्यमबागेत संध्याकाळी सातला
लेथ बंद पडतात एकामागून एक,
मग आमच्या बाकावरचा छोटा पंखा ऐकू येतो.
बोर्ड फौंड्रीचा, मच्छ्याहून आलेला,
कोपऱ्याकोपऱ्यात अजून काळी वाळू.
त्यावर पाच सप्लाय: बारा, पाच, तीन पॉइंट तीन, एक पॉइंट आठ,
आणि एक व्होल्टचा, जळालेला.

तो ज्या कंपनीचा, ती कंपनीच उठली.
तिची चिप तिच्याच डब्याशी बोलायची,
डबा तिच्याच वायरीनं, वायर तिच्याच माणसानं लावायची.
माणूस पुण्याला गेला. नंबर लागत नाही.
ईरप्पा मुगळखोड म्हणाले,
"मुक्याच्या घरी चोरी झाल्यागत झालं की हे, वैजू.
काय गेलं, सांगणार कोण?"

मी दुसऱ्याच कंपनीची बसवली.
तीन देशांत घडलेल्या पाच चिपा,
एकमेकींचं तोंड कधी न पाहिलेल्या,
आता दोन तारांवर:
एक ठेका धरणारी, एक बोलणारी.
नियमांचं पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं असं.
माझ्या झेरॉक्सवर हळदीचा डाग आहे.

त्यातलं मला हे आवडतं:
तार जोरानं वर ढकलायचा हक्क कुणालाच नाही.
ती आपली आपण वर असते, एका बारक्या रेझिस्टरच्या आधारानं.
बोलायचं म्हणजे तिला खाली ओढायचं
आणि सोडायचं.
"ऐकलं" म्हणायचं तरी खालीच.
दोघं एकदम बोलायला लागले,
तर ज्यानं सोडली त्याला दिसतं, तार अजून खालीच आहे,
म्हणजे कुणीतरी आहे.
तो गप होतो.
भांडण म्हणून याची कुठं नोंद होत नाही.

पत्ते टाकले.
चौघांनी तार ओढली. नवीन गप्प.
ईरप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
परत विचारलं,
तर ठेक्याची तार खाली गेली ती सुटेचना,
स्कोपवर लांब सपाट रेघ,
तिसऱ्या गेटावर फाटक पडलं की
स्कूटर बंद करून माणसं उभी राहायची, तशी.
बिघडली नव्हती ती.
हळू होती.
हळू असेल त्यानं ठेका धरून ठेवावा,
बाकीच्यांनी थांबावं,
हेही पुस्तकात आहे.

आठ-बी म्हणजे: किती देतोस?
आठ-डी: अंग तापलंय का?
मी आकडे दाबत मराठीत पुटपुटते,
ईरप्पा पडद्याकडं बघून, "एष्ट? बिसि ऐतेन?"
चिप दोघांना एकच सांगते:
एक पॉइंट शून्य. एकेचाळीस अंश.

हेस्कॉमचं बिल ते मला वाचून दाखवतात,
कोल्हापूरच्या पार्टीची पत्रं मी त्यांना.
फाटकाबाहेरच्या पाटीला डांबर फासलं त्या आठवड्यात
आम्ही त्यावर बोललो नाही.
सोल्डर संपलं होतं, तेवढं बोललो.

डी-शून्यच्या पुढचे आकडे मात्र ज्याचे त्याचे.
पुस्तक तिथं दार ओढून घेतं:
आत काय ठेवावं, ते घरवाला बघेल.

निघताना ईरप्पा बायकोशी फोनवर बोलतात,
भरभर, मला न कळणारं,
मधेच हसतात, एकदा माझ्याकडं बघून.
मी विचारत नाही.
बोर्ड खोक्यात ठेवते,
झाकणावर मार्करनं पाच पत्ते,
आणि शेवटच्यापुढं, फौंड्रीतल्या पोरांसाठी:
थांबा जरा. बोलेल.